रिकामी हाळी देऊ नये

एस्टीच्या खिडकीतून मान बाहेर काढून मी आप्पांकडं बघत होते आणि आप्पा मेंढ्यांकडं बघत होते. निमोणं सोडल्याची माझी सगळी आठवण या एका वाक्यात बसते. पण एका वाक्यात थांबले तर मी ठकूबाई कसली!

तर निमोण्यात मागं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बोचकं उचलून बाहेर पडलेल्यांनो, ऐका. लिंबाखाली गाडी उभी होती. माझ्या मांडीवर माझी लेक मंदा, मंदाच्या मांडीवर स्टोव्ह, पायाशी पाटा-वरवंटा. कंडक्टर म्हणाला, "बाई, चुलीतली राख तेवढी राहिली का मागं?" तेव्हा मी पंचविशीतली. अंगावर मोरपंखी नायलॉनची साडी, नाकाला पाणी आणि डोक्यात एकच खूळ, की आपण सात समुद्रांपार चाललोय. चालले होते कुठं, तर कुरकुंभला! तालुका बदलायचा, मधे भीमा ओलांडायची, न्हावऱ्याला एक गाडी बदलायची, चौफुल्याला दुसरी. आज माझा भाचा दुपारचं जेवून मोटरसायकलवर निघतो आणि चहाला माझ्या दारात असतो. पण त्या दिवशी त्या मोरपंखी साडीतल्या येडीनं डोळ्यांना असा पूर आणला होता, की हातातलं तिकीट भिजून लगदा झालं. न्हावरा येईपर्यंत रडले. चौफुल्याला भूक लागली तेव्हा रडणं थांबवून दोन लाडू खाल्ले, आणि मग आठवण आली म्हणून पुन्हा रडले.

नवऱ्याला कुरकुंभच्या एमआयडीसीत काम लागलं होतं. माझं सासर आणि माहेर दोन्ही निमोण्यातच, एका ओढ्याच्या अलीकडं-पलीकडं. त्यामुळं लग्न होऊनही मी घर सोडलंय असं कधी वाटलंच नव्हतं. आई मी लहान असतानाच गेली. आप्पाच माझी आई आणि आप्पाच बाप. त्या सकाळी ते रस्त्याच्या पलीकडं मेंढरं घेऊन उभे होते. एक लंगडी मेंढी मागं राहिली होती. तिला त्यांनी हाळी दिली. ती आली नाही, म्हणून पुन्हा दिली. आमची गाडी हलली. मी वाट बघत होते. आप्पांनी हात तोंडाशी नेला, आणि तसाच खाली घेतला.

लंगडीला दोनदा. मला एकदाही नाही. हे मी मनात असं धरून ठेवलं, जसं एखादी बाई तुटलेला दागिना गाठोड्यात बांधून ठेवते. घालायचा नाही, टाकायचाही नाही.

आता हाळी म्हणजे काय, ते सांगते. धनगराच्या प्रत्येक घराची मेंढरांना बोलवायची हाक वेगळी असते. आमची खालून उचलायची, मधे मोडायची आणि शेवट असा लांबवायचा, की ओढ्यापलीकडच्या मेंढीलाही वाटावं, मलाच बोलावलंय. शेजारच्या खांडातली, म्हणजे कळपातली, मेंढी त्या हाकेला मान वर करत नाही आणि आमची चरायची थांबते. पण हाळीला एक नेम होता. हाळी दिली की मुठीत काहीतरी पाहिजे. खडेमीठ, बाभळीच्या शेंगा, मूठभर हिरवा पाला, काहीही. लहानपणी मी एकदा नुसती गंमत म्हणून हाळी दिली. सगळं खांड धावत आलं आणि माझ्या भोवती तोंडं वर करून उभं राहिलं. मी हसत होते. आप्पा आले, माझ्या रिकाम्या मुठी उघडून बघितल्या आणि म्हणाले, "त्यांनी तुज्यावर इस्वास टाकला, ठके. तू त्यांच्यापुढं काय टाकलंस?" मग माझी दुपारची भाकरी मोडून मेंढ्यांना घालायला लावली. मी म्हटलं, "आन् मी काय खाऊ?" तर म्हणाले, "तू हस की. मघाशी लई हसत व्हतीस."

रिकामी हाळी देऊ नये. बस, एवढं शिक्षण घेऊन मी कुरकुंभला आले.

तिथं आम्ही हायवेच्या बाजूला एका खोलीत राहायला लागलो. वाऱ्याची दिशा बदलली की वास बदलायचा. कधी औषधाचा, कधी कुजक्या सफरचंदाचा, कधी कशाचाच नाही, आणि कशाचाच नाही म्हणून भीती वाटायची. भोंगा झाला की माणसं गेटातून आत जायची, भोंगा झाला की बाहेर यायची. मी म्हणायची, बघा, ही यांची हाळी. आमच्या ह्यांना आठवड्याला शिफ्ट बदलायची, त्यामुळं घरात कधी पहाट संध्याकाळी व्हायची आणि कधी दुपारी मध्यरात्र. मी आणि मंदा कुजबुजत जगायचो. ती सवय एवढी लागली, की भाजीवाल्याशीसुद्धा मी कुजबुजत घासाघीस करायची.

उन्हं कलली की गच्चीवर वाळलेले कपडे काढायला जायची. हायवेवरून टँकर जायचे. पांढरे, पोटं सुटलेले, एकामागं एक, मुकाट. उन्हाचा सोनेरी पिसारा त्यांच्या पाठीवर पडायचा आणि ते टँकर राहायचेच नाहीत. मेंढरंच व्हायची. रस्ता वितळून ओढा व्हायचा. मी हातात वाळलेली साडी धरून उत्तरेकडं तोंड करून उभी राहायची आणि वाट बघायची, की भीमा ओलांडून आप्पांची हाळी येईल. हसू नका. त्या बाईला खरंच वाटायचं, की आवाज एवढ्या लांब येतो. शेजारीण विचारायची, "ठकूबाई, काय बघता?" मी म्हणायची, "पाऊस येतो का बघते." उन्हाळ्यातसुद्धा हेच उत्तर.

पंचमीला माझा भाऊ सदा न्यायला यायचा. मी पहिला प्रश्न विचारायची, "आप्पांनी बोलावलंय का?" तो म्हणायचा, "चल की आता, गाडी जाईल." आप्पा स्वतः वर्षाकाठी एखादी चक्कर मारायचे. भिंतीला टेकून बसायचे. "बरंय का?" "बरंय." "पाणी येतं का?" "येतं." निघताना उंबऱ्यात माझ्याकडं बघायचे, घसा खाकरायचे, आणि पागोटं नीट करून चालू लागायचे. ये म्हणून एकदा म्हणाले असतील तर शपथ. एके वर्षी आप्पा गेले. मी पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. म्हणजे मी त्यांची हाळी ऐकायची राहिले ती राहिलेच.

आता उडी मारते. म्हातारीला उडी मारायची परवानगी असते, गुडघ्यांचं सोडून.

मंदा दौंडला दिली. तिची लेक सायली. मी निमोण्यातून भीमेच्या या काठाला आले आणि माझी नात पोटासाठी भीमा ओलांडून पुन्हा शिरूर तालुक्यात गेली. नदी आपली जागेवर. आम्हीच इकडून तिकडं. ती कारेगावात खोली घेऊन राहते, कंपनीत क्वालिटीला आहे, आणि उरलेल्या वेळात गाणी करते. स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, स्वतः गाते. आमच्या वेळी एवढी कामं एकीनं केली असती तर बाकीच्या बायका म्हणाल्या असत्या, आम्ही काय मेलोय का?

तिचा पहिला अल्बम व्हायचा होता. नाव ठेवलं होतं 'न्हावऱ्यात गाडी बदला'. मी म्हटलं, "हे काय नाव? कंडक्टर गातोय असं वाटतं." तर म्हणाली, "आज्जे, तूच म्हणतीस ना, न्हावऱ्याला गाडी बदलली आन् तिथंच मी बदलले?" असं कधी म्हटलं होतं देव जाणे. पण वाक्य बरं होतं, म्हणून मी माझ्या नावावर राहू दिलं.

तिची गाणी मऊ असतात. मागं गिटार, खाली हलकी हलगी, आणि मधेच कारेगावच्या रस्त्यावरचा ट्रक रिव्हर्स घेतानाचा आवाज. एक गाणं मार्केटला निघालेल्या झेंडूच्या टेम्पोवर आहे. एक खोलीतल्या मुलींवर आहे, एकीची शिफ्ट सुटली की दुसरीची लागते आणि दोघी एकाच खाटेवर आळीपाळीनं झोपतात:

तू उठलीस की मी निजते, खाट काही निवत नाही,
तुझं स्वप्न उशीखाली, माझं त्यात मावत नाही.

हे ऐकलं तेव्हा मी डोळे पुसले, आणि लगेच म्हटलं, "कांदा कापलाय कुणी?"

शेवटचं गाणं माझ्यावर होतं. गच्चीवर उभी राहून हाकेची वाट बघणारी बाई. सायलीनं हे कसं ओळखलं, विचारू नका, पोरी आपल्याला पाठीमागून वाचतात. गाणं हळूहळू चढत जायचं, बाकी सगळी वाद्यं थांबायची, आणि तिथं एक मोकळी जागा होती. तिथं तिला आमची हाळी हवी होती. माझ्या आवाजात.

मी कारेगावला गेले. स्टुडिओ म्हणजे तिची खोलीच. भिंतींना माझ्याच हातच्या गोधड्या टांगलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. गिटार वाजवणारा मुकेश बिहारचा, प्रेसमशीनवर काम करतो, बोटं मशीनपासून जपतो आणि तारांवर मोकळी सोडतो. सायलीनं माझ्या कानांवर हेडफोन घातले. म्हणाली, "आज्जे, दे आता हाळी."

"कुणाला देऊ?"

"माइकला दे."

"माइक मीठ चाटतो का?"

"आज्जे, रेकॉर्डिंग हाय गं! खरी मेंढरं कशाला पायजेत?"

"मंग खरी हाळी कशाला पायजे?"

मुकेशनं हात जोडले. "दादी, सोच लो ना, सामने भेड़ खड़ी है।"

मी म्हटलं, "मेरे सामने तो तू खडा है। तू क्या खाएगा?"

तो हसला. "जो खिलाओगी, दादी।"

तेव्हा ते मी कानाआड केलं. सायलीनं स्वतःच हाळी देऊन बघितली. अगदी सुरात आली, गोड आली, आणि म्हणूनच खोटी आली. त्या हाळीला मेंढी काय, आळसावलेला पाहुणासुद्धा उठला नसता. तिलाही कळलं. तिनं माइक बंद केला. मग म्हणाली, "आईनं दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. मग दौंडला यायचं, स्थळं बघायची. आज्जे, सगळी गाणी या गाण्याकडं चाललीत. हेच पोकळ राहिलं तर मी अल्बम काढणारच न्हाई."

मी तरीही नाही म्हटलं. नेम तो नेम.

परतीच्या गाडीत न्हावऱ्याला उतरले, दुसऱ्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसले. दुपारची वेळ, समोर ऊसतोडीच्या रिकाम्या बैलगाड्या, सगळं गाव डुलकी घेतल्यासारखं. मला सायलीचं तोंड दिसत होतं. आणि मग, कसं कोण जाणे, सायलीच्या जागी मोरपंखी साडीतली ती येडी दिसायला लागली, खिडकीतून मान काढलेली. म्हणजे या खेपेला हात तोंडाशी नेऊन खाली घेणारी मी होते.

पुढच्या गुरुवारी, कंपन्यांच्या सुट्टीला, मी पुन्हा कारेगाव गाठलं. या खेपेला पिशवीत हुलग्याचं पीठ होतं. मोठं पातेलं चढवलं आणि शेंगोळी केली, लसणाची खमंग फोडणी देऊन, पार जिन्यापर्यंत वास जाईल अशी. शिजली तेव्हा सायलीला म्हटलं, "तुझा तो माइक दारात टांग. पण एक ध्यानात ठेव. मी माइकला हाळी देत न्हाई. जेवणाऱ्यांना देते. माइकला ऐकायचं असंल तर ऐकू दे."

पहिली हाळी घशातच बसली. आजारी कोंबड्यासारखा आवाज. मुकेश खाली बघत राहिला, शहाणा मुलगा. मी पाणी प्यायले, डावा हात कानावर ठेवला, आणि पुन्हा दिली. खालून उचलली, मधे मोडली, शेवट लांबवला. केवढ्या वर्षांनी! ती माझ्या गळ्यातून निघाली खरी, पण माझी नव्हती. आप्पांची होती. ओळीनं खोल्या असलेल्या त्या लांबलचक गॅलरीच्या टोकाला जाऊन ती वळली आणि जिना उतरून गेली. मग कड्या वाजल्या. एक दार उघडलं, दुसरं उघडलं. मराठवाड्याचे, बिहारचे, साताऱ्याकडचे कामगार, डोळे चोळत, बनियनवर, टॉवेलवर. कुणीतरी ओरडलं, "अरे, कौन बुला रहा है?" मुकेश ओरडला, "दादी बुला रही है, थाली ले के आ!"

मंग काय विचारता! ताटं वाजायला लागली. शेंगोळी संपली तरी जिन्यावरून माणसं येतच होती. हाळी ऐकून आलेला रिकामा जाता कामा नये. सायलीचा चिवड्याचा डबा उघडला, बिस्किटं उघडली. शेवटच्या माणसाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तो बिचारा तोही कपाळाला लावून खाऊन गेला.

सायली डोळे मोठे करून म्हणाली, "आज्जे, मस्त झाली! पण मागं लई गोंगाट आलाय. अजून एक टेक घेऊ?"

"घे की. पण दुसऱ्या टेकला शेंगोळी कोण आणणार?"

म्हणून तीच राहिली. ऐकाल तेव्हा नीट ऐका. हाळी संपल्यावर कड्या वाजतात, ताटं वाजतात, तो "कौन बुला रहा है" पण आहे. आणि मग त्या आवाजांतूनच गिटार हळू उगवते, जशी धुक्यातून वाट.

अल्बम रिलीज झाला. मला वाटलं, काहीतरी बँडबिंड असेल. सायलीनं मोबाईलवर एक बोट टेकवलं आणि म्हणाली, "झाला." मंदानं दौंडला स्वयंपाकघरात ऐकला. फोन करून मला म्हणाली, "आई, त्यात शेंगोळीचं ताट वाजतंय. मला का न्हाई ठेवलीस?" एवढं म्हणून फोन ठेवला. पण दिवाळी आली, गेली, आणि मुदतीचं नाव ती काढत नाही. पोरीनं दुसरी गाणी लिहायला घेतलीत.

दिवाळीनंतर सदानं निमोण्याला बोलावलं. म्हणाला, "आक्के, समद्यांनी मिळून ऐकू." सदा आता झेंडू, शेवंती लावतो, पण आप्पांच्या मेंढ्यांच्या वंशातली थोडी मेंढरं त्यानं अजून राखलीत. भाच्यानं वस्तीसमोर स्पीकर लावला. आम्ही बाजेवर. उन्हं कललेली. झेंडूच्या रानावर असा पिवळा धूर तरंगत होता, की ऊन कुठं संपतं आणि फूल कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. गाणी एकेक होत गेली. सायली माझ्या पायाशी बसून नखं खात होती. शेवटचं गाणं लागलं, चढलं, थांबलं. आणि स्पीकरातून माझी हाळी सुटली.

ओढ्यापलीकडं मेंढरं चरत होती. सगळ्यांच्या माना एकदम वर. मग ती निघाली. पाण्यातून, बांधावरून, झेंडूच्या कडेनं, एकमेकींच्या पाठीवर माना टाकत, पांढरी, धुळीनं सोनेरी, जशी मला गच्चीवरून दिसायची तशीच. आली आणि स्पीकरभोवती तोंडं वर करून उभी राहिली.

"आता गं आक्के?" सदा हसायला लागला. "हाळी तुजी. घाल त्यांना!"

मी या वयात पदर खोचून पळाले. भाचा मागून ओरडतोय, "आत्या, पडशील!" घरातून मिठाचं मडकंच उचलून आणलं. सदानं माझ्या ओंजळीत खडेमीठ ओतलं. मेंढ्यांच्या खरखरीत जिभा तळहातावर फिरायला लागल्या. मी न राहवून म्हणाले, "सदा, आप्पांनी मला एकदा तरी अशी हाळी द्यायची रं."

सदानं मडकं खाली ठेवलं. "तुला काय वाटलं, म्हातारा दगडाचा व्हता? तू गेलीस आन् रोज दिवस मावळायला लिंबाखाली जाऊन हुबा राहायचा. मुठीत मीठ. मी म्हणायचो, आप्पा, मेंढरं तर वाघरीच्या जाळीत घातली, आता कुणाला? तर म्हणायचा, सदा, मी हाळी दिली तर ठकी येईल रं. नवऱ्याची चाकरी, लेकराची शाळा, समदं टाकून येईल. आली तर तिला देऊ काय?" सदानं नाक ओढलं. "मग मीठ खिशात टाकून माघारी यायचा. त्याच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे मिठानं झिजलेले. आईशपथ."

मी ओंजळ तशीच मेंढ्यांपुढं धरली. ठकूबाई बोलली नाही, ही निमोण्यातली मोठीच बातमी. ती खिडकीतली येडी तेवढी माझ्या आत कधी नव्हे ती गप्प, शहाण्यासारखी बसली होती.

लोक सायलीला मोबाईलवर काय काय लिहितात. कोण दुबईहून, कोण चाकणच्या खोलीतून. आज्जींची हाक ऐकून भूक लागली म्हणतात, घरी जावंसं वाटलं म्हणतात. त्यांना सांगा, ती हाळी रिकामी नाही. कुरकुंभला हायवेला उतरा आणि ठकूबाईचं घर विचारा, हुलग्याचं पीठ डब्यात असतं. आता मला कुणी घर कुठलं विचारलं, तर मी निमोणंही म्हणत नाही आणि कुरकुंभही म्हणत नाही. जिथून आपल्याला हाळी येते ते घर, हे तर कुणीही सांगेल. पण जिथं कुणी मुठीत मीठ धरून हाळी गिळून टाकतो, तेही घरच, फक्त त्याचा आवाज यायला आयुष्य लागतं.

त्या संध्याकाळी मेंढ्या पांगल्या तेव्हा माझ्या तळव्यात एक खडा उरला होता. इकडं-तिकडं बघितलं आणि तो मी माझ्याच तोंडात टाकला. डॉक्टरांनी बीपीसाठी मीठ बंद केलंय. त्यांना सांगू नका. सांगितलंतच, तर एवढंच सांगा, की तिच्या बापानं बोलावलं होतं.